तोगानच्या दगडासाठी दहा ओळी

केम नदीचा वरचा काठ
कुत्र्याचं वर्ष, आठवा महिना, चौथा दिवस

इंचू,

तुझ्या तोलुनताईचा हात तुझ्या डोक्यावर.

नऊ वर्षांनी लिहिते आहे. आता भूर्जाची साल पूर्वीसारखी अखंड सोलता येत नाही आणि सुरीचं टोक एका जागी ठरत नाही. तुझे वडील असते तर म्हणाले असते, ही अक्षरं आहेत की सालीवरून कोंबडी चालून गेली? त्यांच्या तंबूत आपण दोघी मावसबहिणी एकाच सालीवर गिरवायचो, आठवतं? तू वरून सुरुवात करायचीस, मी खालून. मधे भेटलो की भांडण.

बातमी तुझ्या कानावर आली असेलच. तोगान गेला. सहाव्या महिन्यात कड्यावरून घोड्यासकट घसरला आणि नऊ दिवस पडून होता. त्या नऊ दिवसांत दोनदाच बोलला. दोन्ही वेळा विचारलं ते घोड्याबद्दल, त्याचा पाय वाचेल का म्हणून. एकतीस वर्षं मी त्याच्या तंबूत राहिले, इंचू.

आमच्या रीतीप्रमाणे तीनदा मोठ्याने रडून त्याला अग्नी दिला. हाडं वेचून चामड्याच्या पिशवीत ठेवली आहेत. वर्ष भरलं की पुरायची आणि वर दगड उभा करायचा. त्यासाठीच तुला लिहिते आहे. आमचा उरुंगू दगड सुरेख कोरतो, पण शब्द त्याला ठरलेलेच येतात. शेजारचा एक म्हातारा गेला, त्याच्या दगडाला यानं बोलायला लावलं, "माझ्या हजार घोड्यांनो, तुमच्याने माझं मन भरलं नाही, तुमची सोबत अपुरी राहिली." त्या माणसाकडे अकरा घोडे होते आणि त्यातले दोन लंगडे. तोगानच्या तोंडी असलं काही घातलं तर तो पिशवीतून उठून बसेल.

वडिलांच्या मागे खानाच्या छावणीत दगडांचे शब्द तूच बांधतेस असं ऐकते. तर त्याच्यासाठी दहा ओळी करून दे. दगड लहान आहे, अकरावी मावणार नाही. एक मागणं आहे. दगडावर बायको म्हणजे नुसती "तंबूतली माझी बायको" असते. मला माझं नाव हवं. तोलुन, तुझ्याने माझं मन भरलं नाही, असं त्यानं माझं नाव घेऊन म्हणायला हवं. जिवंतपणी कधी म्हणाला नाही. आता दगडाकडून तरी एकदा म्हणवून घ्यायचं आहे.

हे तुझ्याखेरीज कोणाला सांगता येत नाही आणि तुलाच सांगणं सगळ्यात जड जातं. त्याच्या बोलण्याची तऱ्हा तुलाही ठाऊक होती. मी ते विसरले असं समजू नकोस.

खानाला द्यायची सेबलची केसाळ कातडी घेऊन यिगेन तुमच्याकडे निघाला आहे, त्याच्या हाती देते.

तोलुन


खानाची छावणी, कोग्मेन डोंगराच्या दक्षिणेला
कुत्र्याचं वर्ष, नववा महिना, विसावा दिवस

ताई,

तुझ्या पायांशी इंचूचं डोकं.

यिगेन घाईत आहे. खिंडीत बर्फ पडायच्या आत त्याला परत फिरायचं आहे. मलाही बरं नाही, म्हणून त्याला बाहेरच बसवलं आणि हे पत्र पडद्याआडून दिलं. त्याने गैरसमज करून घेतला असेल तर तू समजाव.

तोगानचं इथे आधीच कळलं होतं. त्याबद्दल काय लिहू? तुझ्या हाताखाली डोकं ठेवून रडावं असं वाटतं, पण मधे डोंगर आहे.

दहा ओळी करीन. तुझं नावही येईल. कोणी हसलं तर हसू दे. पण ताई, दहा ओळींत अख्खा माणूस मावत नाही. एखादी खोड मात्र मावते, आणि माणसं दगडापाशी थांबतात ती खोडीसाठीच. म्हणून विचारते. अलीकडे तो कशावरून कुरकुर करायचा? कुत्र्यांना काय म्हणून हाक मारायचा? मांस कापताना पहिला तुकडा कोणाला द्यायचा? तुझ्यावर रागावला की काय करायचा? तू लिहिशील तसंच्या तसं मी वापरणार नाही. मला नुसता त्याचा आवाज ऐकायचा आहे, म्हणजे ओळींना चाल येईल.

आता खिंडी बंद होतील. तुझं उत्तर मिळेपर्यंत घोड्या व्यालेल्या असतील. स्वतःला जप. सकाळी दूध पीत जा. तू उपाशीपोटी कामाला लागतेस आणि मग सगळ्यांवर ओरडतेस, हे मला माहीत आहे.

तुझी इंचू


केम नदीचा वरचा काठ
डुकराचं वर्ष, तिसरा महिना, दुसरा दिवस

इंचू,

तुझं पत्र यिगेनने पहिल्या बर्फाच्या दिवशी आणून दिलं. उत्तर मात्र सगळा हिवाळा माझ्या पोटात पडून होतं, आज काढते आहे. तेव्हा ते आंबलेलं असणार.

यिगेन आमच्याकडे जेवायला बसला. सुनेने त्याला रस्सा वाढला. माणूस चांगला आहे, पण पोट भरलं की तोंड मोकळं सुटतं. म्हणाला, "तुमच्या बहिणीनं फार मनाला लावून घेतलेलं दिसतं." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाला, पडदा वाऱ्याने उडाला तेव्हा चेहरा दिसला. उजव्या गालावर जुना वण होता, नवऱ्यासाठीचा. आणि डाव्या गालावर ताजी जखम, अजून खपली न धरलेली.

मी त्याला आणखी मांस वाढायला सांगितलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

आम्ही किरगीझ गाल कापत नाही. आम्ही तीनदा रडतो आणि गप्प होतो. पण तुझं लग्न तुर्कांत झालं. तिथे बायका गाल कापतात, आणि तेही कोणासाठी, हे मला माहीत आहे. बापासाठी, नवऱ्यासाठी, खानासाठी. मावसबहिणीच्या नवऱ्यासाठी केसांची बट कापली तरी पुष्कळ होतं.

म्हणजे त्याच्या बायकोचा गाल कोरा आणि त्याची खूण तुझ्या गालावर. सून तंबूत नसताना मी आरशात पाहिलं. सुरीही हातात घेतली होती. पण नऊ महिन्यांनी गाल कापणाऱ्या बाईला लोक हसतील, म्हणून ठेवून दिली.

तो दर तिसऱ्या वर्षी खानाकडे सेबल घेऊन जायचा. महिना महिना राहायचा. परत आला की मी विचारायची, इंचू कशी आहे? म्हणायचा, "ठीक आहे." एवढंच. छावणीतल्या प्रत्येक घोड्याचा रंग सांगायचा आणि तुझ्याबद्दल दोन शब्द. ज्या बाईबद्दल मनात काही नसतं तिच्याबद्दल माणूस चार शब्द तरी बोलतो.

माझ्यासाठी मागणी म्हणून त्याच्याकडच्या घोड्या तुझ्या वडिलांच्या दाराशी आल्या, त्या सकाळी तुझे डोळे लाल होते. तू म्हणालीस, धूर गेला. मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता.

आणि तू मला विचारतेस की तो कुत्र्यांना काय म्हणून हाक मारायचा? तुला माहीत नाही? मग तुम्ही महिना महिना बोलत काय होता?

ओळी नकोत. उरुंगू हजार घोडे कोरो नाहीतर दोन हजार.

तोलुन


खानाची छावणी
डुकराचं वर्ष, चौथा महिना, नववा दिवस

ताई,

यावेळी पडदा लावला नाही. यिगेनला आत बसवलं आणि म्हटलं, नीट पाहून घे, जाऊन सांग. तो इतका ओशाळला की दूध न पिताच उठला.

हो, गाल मी कापला, तोगानसाठीच. इथल्या बायकांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, भाऊ. ते खोटं होतं.

आता ऐक, आणि मधेच साल फाडू नकोस.

तो पाच वेळा आला. पहिल्या वेळी माझा नवरा होता, पुढच्या चार वेळा मी एकटी होते. मी त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसायला सांगायची, पण तो दाराजवळच बसायचा, पाहुण्यासारखा. मी दूध ओतायची आणि तो बोलायला लागायचा. ताई, तो तुझ्याबद्दल बोलायचा.

मी तीन तीन वर्षं वाट पाहायची. केस धुवायची, चांगला अंगरखा काढायची. आणि तो येऊन तुझ्याबद्दल बोलायचा. तोलुनने या वर्षी लोकरीचा नमदा कसा लाटला, तोलुन म्हणते बाजरी नदीच्या त्या बाजूला पेरावी. मी हसून ऐकायची आणि मनात म्हणायची, हिला काहीतरी होवो. तुला, ताई. खोकला, निदान खोकला तरी होवो असं मी मागायची. एकदा तुला खरंच खोकला झाल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा मी आठ दिवस घाबरून होते.

तुला हे त्याने कधी का ऐकवलं नाही, ते त्यालाच माहीत. मी एकदा विचारलं होतं. म्हणाला, "तिच्यासमोर बोललो तर ती माझ्याकडे बघेल." मग बराच वेळ चुलीत काटक्या घालत बसला.

आणि मी का नाही कळवलं? ते मला माहीत आहे. तू तंबू घेतलास, मुलगा घेतलास, त्याचं आयुष्य घेतलंस. माझ्याकडे त्याचं बोलणं होतं. तेही तुला पाठवलं असतं तर मी काय घेऊन बसले असते?

तू म्हणशील, ही दगडांचे शब्द बांधणारी बाई, मेलेल्यांच्या तोंडी गोड बोलणं घालणं हाच हिचा धंदा. मलाही तसंच वाटलं असतं. म्हणून एक गोष्ट सांगते, ती कोणत्याही दगडावर जाणार नाही. चौथ्या वेळी तो म्हणाला, "तोलुन गायला लागली की घोड्या भीतीने दूध सोडतात. म्हणून तर आमच्या घोड्या एवढं दूध देतात. मी तिला कधी थांबवलं नाही." आणि मग तुझं ते गाणं त्याने तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. माझा कुत्रा उठून बाहेर गेला.

इंचू


केम नदीचा वरचा काठ
डुकराचं वर्ष, पाचवा महिना, पहिला दिवस

इंचू,

साल फाडायला घेतली होती. गाण्यापाशी आले आणि हात थांबला.

मला गाता येत नाही असं एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. सुनेला विचारलं. ती खाली बघायला लागली. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "आई, घोड्यांना सवय झाली आहे." म्हणजे सगळ्या काठाला माहीत होतं. मी बाहेर जाऊन खोगिरांच्या ढिगावर बसले आणि इतकी हसले की सुनेने शेजारणीला बोलावून आणलं.

तू गोड शब्द लिहिले असतेस तर मी चुलीत घातले असते. तो माझ्या केसांबद्दल बोलला, चालण्याबद्दल बोलला असं काही असतं तर मी ओळखलं असतं की हा इंचूचा हात आहे. पण हे तुला सुचणार नाही. हे त्याचंच.

म्हणजे तो माझ्याबद्दल बोलायचा. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट वाटायला लागलं.

तो बोलला, इंचू, पण तुझ्यापाशी बोलला. माझं कौतुक झालं आणि ते ऐकायला तू होतीस. मी इथे त्याचे बूट वाळवत होते, त्याच्या पाठीला चरबी चोळत होते, आणि मला मिळालं ते "ठीक आहे" आणि "घोड्याचा पाय". तू त्याला माझ्या आवाजात गाताना ऐकलंस. मी तर त्याला गाताना कधी ऐकलंच नाही. तुमच्यात काही घडलं असतं, तर मी तुला शिव्या तरी दिल्या असत्या. आता कशाबद्दल देऊ?

तू मला खोकला चिंतलास. मी या हिवाळ्यात तुला काय काय चिंतलं ते लिहीत नाही, भूर्जाचं झाड संपेल.

ओळी पाठव. दगड सहाव्या महिन्यात उभा राहायचा आहे आणि उरुंगू रोज येऊन विचारतो, हजार लिहू का? तुझं नाव त्यात घालणार नाही. मनात येऊन गेलं, पण मी तेवढी चांगली नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. कुत्र्यांना तो "माणसांनो" म्हणायचा. पहिला तुकडा सुनेला द्यायचा. माझ्यावर रागावला की खोगीर दुरुस्त करायला घ्यायचा. आमच्या खोगिरांना भोक म्हणून सापडायचं नाही.

तोलुन


खानाची छावणी
डुकराचं वर्ष, पाचवा महिना, बाविसावा दिवस

ताई,

दहा ओळी वेगळ्या सालीवर आहेत. ती उरुंगूला दे. त्याने स्वतःचं काही घालू नये म्हणून प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजून कडेला खुणा केल्या आहेत.

तू पाहशीलच, तरी सांगते. पहिल्या दोन ओळींत नाव, कूळ आणि वय आहे. मग खान, मग मुलगा, मग "माणसांनो" म्हणून कुत्रे. त्यावर कुरकुर झाली तर म्हणावं, छावणीत हल्ली असंच करतात. घोडे मी घातलेच नाहीत, एक सोडून. "कड्यावर तुझा पाय सांभाळता आला नाही," एवढंच. आठव्या आणि नवव्या ओळीत तू आहेस. त्या मी चार दिवस कोरत होते. पहिल्या दिवशी तुझ्या नावाऐवजी दुसरंच नाव कोरलं गेलं. ती साल जाळली. हे तुला सांगायलाच हवं होतं असं नाही. पण आता लपवून काही उपयोग नाही.

लोक इथे मला विचारतात, परक्याच्या तोंडचे शब्द तुला कसे सुचतात? मी म्हणते, सवय. या वेळी सवय कामाला आली नाही.

तू विचारायच्या आधीच लिहिते. त्याने तुझ्याबद्दल जे जे सांगितलं ते सगळं मी तुला सांगेन, त्याच्या हातवाऱ्यांसकट. पहिल्या चार फेऱ्यांचं. पाचव्या फेरीत एका दुपारी तो तुझ्याबद्दल बोलला नाही. फार काही नाही, चारच वाक्यं. ती माझी आहेत. ती मी ना दगडाला दिली, ना तुला देईन.

इंचू


केम नदीचा वरचा काठ
डुकराचं वर्ष, सातवा महिना, सहावा दिवस

इंचू,

दगड उभा राहिला. उरुंगूने आधी तोंड वाकडं केलं, कुत्रे कोणी दगडावर घालतं का म्हणून. पण कोरताना एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागला. शेवटच्या दिवशी म्हणाला, हा माणूस बोलतोय खरा.

हाडं पुरली आणि सगळे निघून गेल्यावर मी एकटी थांबले. आपण लहानपणी वाचायचो तसं बोट ठेवून वाचलं. आठव्या ओळीवर पोचल्यावर बोट तिथेच ठेवून उभी राहिले. "तोलुन, तंबूतली माझी तोलुन. सगळ्यांशी बोललो, तुझ्याशी बोलायचं राहिलं. तुझ्याने माझं मन भरलं नाही." मी सांगितलं होतं त्यापेक्षा हे जास्त आहे. मधलं वाक्य मी मागितलं नव्हतं. ते त्याचं की तुझं, हे मला कळत नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं असंही आता वाटत नाही.

शेजारच्या बायका रोज येऊन वाचून घेतात. एक म्हणाली, "कसा बोलतो गं तुझा नवरा." मी म्हटलं, घरात असाच बोलायचा. इतकं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि मला जराही लाज वाटली नाही.

आता तुझ्या चार वाक्यांबद्दल. तुझं पत्र आल्यापासून मी ती रोज तयार करते आहे. सकाळी एक चौकडी, संध्याकाळी दुसरी. काही इतकी वाईट असतात की दूध नासतं. काही इतकी साधी असतात की मी तुला माफ करून टाकते, आणि जेवताना पुन्हा परत घेते. सून म्हणते, सासूबाई, तुम्ही कोणाशी बोलता?

खिंडी अजून दोन महिने उघड्या आहेत. यिगेन परत येताना त्याच्याबरोबर ये. हिवाळा इथे काढ. दाराजवळ बसू नकोस, मानाच्या जागी बस, मी दूध ओतेन. चार फेऱ्यांचं सगळं सांग, हातवाऱ्यांसकट, काही गोड करू नकोस. पाचव्या फेरीचं मी विचारणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. मी विचारीन. रोज विचारीन. आणि तू सांगणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून जास्त दिवस राहायच्या तयारीनेच ये.

तोलुन